दाराशी दोघं

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत बायकोने मला घराबाहेर काढलं. रागाने नव्हे, अगदी रीतसर. म्हणाली, "साखरेचा डबा अर्धा कसा झाला याचा तपास तुम्ही परवापासून करताय. माझा जबाब दोनदा घेऊन झालाय, शेजारच्यांचाही घेतलात. आता पुरे. रोज सकाळी कुठेतरी जात चला."

तिचंही बरोबर होतं. जन्मभर फौजदारकी केली, तीही तपासाच्या शाखेत. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचे सरकारने मला पगार दिले. पगार थांबला म्हणून नाक काही मागे येत नाही. खात्यात मला सगळे चौकशीकाका म्हणायचे. तोंडावर काका, आणि पाठीमागे नुसतं चौकशी.

म्हणून मी मंडळात जायला लागलो. मंडळ म्हणजे पोलिसांनी पोलिसांसाठी चालवलेलं परस्पर साहाय्य मंडळ. ठाण्याच्या मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या माडीवर एक लांबट खोली. नोकरीत असताना दर महिन्याला पगारातून वर्गणी कापली जायची, पण हे लोक तिथे करतात काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्यासारख्याने विचारलं नव्हतं, याचंच मला तिथे गेल्यावर नवल वाटलं.

खोलीत एका भिंतीला कुबड्यांची रांग, दुसरीकडे घडीच्या खाटा, मधे चाकाची खुर्ची आणि खिडकीखाली ऑक्सिजनचे सिलिंडर. कुणा पोलिसाच्या घरी आजारपण आलं की यातलं जे लागेल ते जातं आणि काम झालं की परत येतं. एका कुबडीचं खालचं रबर कुरतडलेलं होतं. मी विचारलं, हे कुणी केलं? तर ती श्वानपथकातल्या एका हवालदाराने नेली होती आणि त्याच्या घरी निवृत्त कुत्रा होता. अशा माहितीने मला फार बरं वाटतं. तिथे सुट्ट्याही दान करता येतात, हेही मला तिथेच कळलं. एखाद्याचं मूल दवाखान्यात असेल आणि त्याची रजा संपली असेल, तर बाकीचे आपापल्या रजेतला एकेक दिवस त्याच्या नावावर टाकतात. ज्या माणसाशी मी उभ्या जन्मात बोललो नसतो, त्या एका खडूस वाहतूक हवालदाराने दरवर्षी आपल्या निम्म्या रजा अशा वाटल्या होत्या. मी त्याला कारण विचारायला गेलो, तर त्याने मला झेब्रा पट्ट्यांवरून चालायला सांगितलं.

या सगळ्याचा गाडा ओढायच्या त्या सचिवबाई. निवृत्त महिला हवालदार. आडवा बांधा, बारीक कापलेले केस आणि आवाज असा की माडीवरून हाक मारली तर खाली सायकलवाल्याच्या हातातला पाना पडावा. मात्र दुःखाच्या घरी गेल्या की तोच आवाज इतका मऊ व्हायचा की मला पहिल्यांदा वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय.

मंडळाचं सर्वांत अवघड काम म्हणजे घरी बातमी पोचवणं. त्याची रीत बाईंनीच घालून दिली होती. वाईट बातमी फोनवर सांगायची नाही. नेहमी दोघांनी जायचं, साध्या कपड्यांत. गाडी वसाहतीच्या फाटकाबाहेर ठेवायची आणि आत चालत जायचं, म्हणजे दारापुढे पोलिसांची गाडी बघून गर्दी होत नाही.

"दोघंच का?" मी विचारलं.

"एकाने बोलायचं, दुसऱ्याने सावरायचं," त्या म्हणाल्या. "एक बाई उंबऱ्यातच कोसळली होती माझ्यासमोर. डोकं फुटलं. मी एकटी होते, बोलत होते, धरायला हात मोकळे नव्हते. तेव्हापासून दोघं."

मला रीत पटली. कुणालाही पटली असती.

त्या दिवशी सकाळी ठाण्यातून फोन आला. एक तरुण महिला शिपाई पाकीटमाराच्या मागे धावली, त्याच्यामागोमाग भिंतीवरून उडी मारली आणि पडली. पाय दोन ठिकाणी मोडला. व्हॅनने हॉस्पिटलात नेलं, आता ऑपरेशनला घेताहेत. घरी फक्त आई. मुलीने भूल द्यायच्या आधी एकच सांगितलं होतं की शुद्धीवर येईन तेव्हा आई समोर पाहिजे.

"चला, चौकशीकाका," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही सावरायला."

खरं सांगतो, मला उत्साह वाटत होता. असं काम मी पहिल्यांदाच करत होतो. शिवाय बातमी तशी भयंकर नव्हती. पोरगी जिवंत होती, पाय बरा होणार होता. मी बुटांना पॉलिश करून घेतलं.

फाटकाबाहेर गाडी ठेवून आम्ही आत शिरलो. वसाहत साधीच, तीन मजली इमारतींच्या दोन रांगा आणि मधे सिमेंटचा रस्ता. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि हातातला शर्ट एका चिमट्यावर लोंबकळत सोडून ती तशीच उभी राहिली. मी मान हलवली. तिने हलवली नाही. पुढच्या गॅलरीत कुणीतरी घासत असलेलं भांडं थांबलं. पहिल्या इमारतीचा जिना ओलांडून आम्ही पुढे गेलो, तेव्हा मागे कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. दुसऱ्या इमारतीपाशीही तसंच झालं. मला याचं मोठं कुतूहल वाटलं. जन्मभर लोकांनी मला बघून तोंडं फिरवलेली मी पाहिली होती, पण ते चोर होते. इथे सगळी आपलीच माणसं होती, आणि आम्ही कुठल्या जिन्याकडे वळतो ते श्वास रोखून पाहत होती.

आम्ही शेवटच्या इमारतीत शिरलो. वरून शिवणयंत्राचा आवाज येत होता. मुलीची आई सगळ्या वसाहतीचे गणवेश बेतून द्यायची, ढिले घट्ट करायची, पट्ट्या लावायची. बाईंनी बेल दाबली. यंत्र थांबलं.

"ताई," बाई त्यांच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "मंडळातून आलोय. घाबरू नका. पोरीला जरा लागलंय. चला आमच्याबरोबर."

आत काही हललं नाही. मग शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा बेल दाबली, पुन्हा तेच सांगितलं. यंत्र चालूच. मी दाराला कान लावला. आत पायांचा आवाज नाही, रडणं नाही, नुसतं यंत्र. आणि त्यातही एक गंमत होती. कापडावर चालणाऱ्या यंत्राचा आवाज भरीव येतो, शिवण संपली की थांबतो, कापड फिरवलं की पुन्हा येतो. हे एकसारखं खडखडत होतं. खाली कापडच नव्हतं. बाई आत बसून रिकामं यंत्र चालवत होती.

मुलीला लागलंय म्हणून सांगितल्यावर आई दार उघडत नाही आणि रिकामं यंत्र चालवते. माझ्या नोकरीत मी खूप विचित्र वागणारी माणसं पाहिली, पण त्या प्रत्येकाला काहीतरी लपवायचं होतं. हिला काय लपवायचं असेल?

समोरचं दार बोटभर उघडलं. आत एक शेजारीण उभी होती. तिचा नवरा कुठल्यातरी चौकीवर शिपाई असावा, कारण दाराआडच्या खुंटीवर टोपी दिसत होती.

"त्या नाही उघडणार," ती कुजबुजली.

"का हो?"

"तुम्ही दोघं आलात ना, चालत."

"मग?"

"काका, दोघं चालत येतात ते कशाला, हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. मघाशी तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा मी गॅस बंद केला. माझे हे ड्युटीवर आहेत. तुम्ही आमच्या जिन्यात वळलात तेव्हा मला..." तिने खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं.

"पण पोरगी बरी आहे. पाय मोडलाय फक्त. आम्ही तेच सांगतोय."

"त्यांचे मिस्टर गेले तेव्हाही असेच दोघं आले होते. जरा लागलंय, चला, असंच म्हणाले. ह्या स्वेटर घेऊन गेल्या. हॉस्पिटलात थंडी वाजेल त्यांना म्हणून. आणि ते तर सकाळीच गेले होते." तिने आत वळून पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "त्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत. बघा काहीतरी लवकर."

मी मागे वळलो. सचिवबाई जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"कोण आलं होतं त्या वेळी?" मी विचारलं. तपासात असे प्रश्न उत्तर ओळखूनच विचारतात.

"मी," त्या म्हणाल्या. "शब्दही हेच होते."

"सगळ्यांना हेच सांगता?"

"सगळ्यांना. काही झालेलं असो. दारात खरं सांगितलं की माणूस कोसळतं. हॉस्पिटलात डॉक्टर असतात, खाट असते, नातेवाईक जमलेले असतात. तोवर जरा लागलंय म्हणायचं. तेवढा रस्ता तरी माणसाला आशा राहते." त्यांनी कपाळ पुसलं. "कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही केलं काका."

ते मला दिसतच होतं. पण त्या मायेने काय करून ठेवलं होतं तेही दिसत होतं. वर्षानुवर्षं मंडळाने प्रत्येक मरणाला दुखापत म्हटलं होतं. आता खरीच दुखापत सांगायला आलो, तर आमच्यावर विश्वास ठेवायला वसाहतीत एक माणूस शिल्लक नव्हतं. आतली आई आमचं बोलणं शब्दन् शब्द ऐकत होती आणि तिच्या लेखी तिची मुलगी मेली होती. दार उघडलं की ते खरं होणार होतं. दार उघडत नव्हती तोवर ती नुसती शिवत बसलेली एक बाई होती. सकाळपासूनचा माझा सगळा उत्साह मला लाजिरवाणा वाटायला लागला.

"कडी तोडू," बाई म्हणाल्या आणि खांदा पुढे करून दाराकडे निघाल्याही. पोलिसाला दुसरं सुचतं काय.

मी त्यांचा दंड धरला. "दार तोडून आत गेलो तर उरलीसुरली खात्री पटेल तिची. गोळ्या चालू आहेत तिला. तुम्ही खाली जा. मधोमध रस्त्यावर, तिच्या खिडकीतून दिसेल असं उभं राहा."

त्या गेल्या, न वाद घालता. मी एकटा उरलो. "ताई, आता मी एकटाच आहे," असं सांगून पाहिलं. यंत्र चालूच. हॉस्पिटलला फोन लावून मुलीशीच बोलणं करून द्यावं म्हटलं, तर ती भुलीखाली. डॉक्टरांशी बोला म्हटलं असतं, तर डॉक्टरही गोडच बोलतात, हे तिला माहीत होतं.

मी पायरीवर बसलो आणि स्वतःलाच प्रश्न घातला. माणूस जिवंत आहे याचा पुरावा काय? मेला आहे हे सिद्ध करायला आपल्याकडे कागद असतात, शिक्के असतात. जिवंत असण्याचा कुणी पंचनामा करत नाही. मग मला आठवलं की मुलीला हॉस्पिटलात नेलं ते आपल्याच व्हॅनच्या ड्रायव्हरने. मी त्याला फोन लावला.

"पोरगी गाडीत काय काय बोलली?"

"काका, पाय मोडला होता तिचा. काय बोलणार? ओरडत होती."

"काय ओरडत होती?"

"आई गं."

"ते सगळेच ओरडतात. आणखी?"

"चोराला शिव्या देत होती."

"कुठल्या?"

"फोनवर नाही सांगता येणार."

"बरं, त्या राहू देत. आणखी काय? आठव. कितीही फालतू असलं तरी चालेल. फालतूच पाहिजे मला."

"ते बुटाचं काहीतरी चाललं होतं तिचं."

मी पायरीवर सरळ बसलो. "काय बुटाचं?"

"लेस सुटली होती एका बुटाची. त्याच्यावरच पाय पडून आपटली ती, मी मागून बघितलं ना. तर हॉस्पिटलात बूट कापून काढावा लागेल म्हणाले. ही मला म्हणते, आधी लेस बांध. मी म्हटलं वेडी का काय, बूट काढायचाय आणि लेस कसली बांधू? तर म्हणे, बूट घरी जाईल तेव्हा आईला सुटलेली दिसता कामा नये. आणि आईला सांगायचं की ओल्या भिंतीवरून पाय घसरला."

"भिंत ओली होती?"

"कुठली ओली. कडकडीत कोरडी."

"मग बांधलीस लेस?"

"बांधली. दुहेरी गाठ मारून. नाहीतर हात लावू देईना कुणाला. त्यांनी बूट दुसऱ्या बाजूने कापला."

इतका सुंदर जबाब मी अख्ख्या नोकरीत घेतला नव्हता. मी फोन चालू ठेवूनच दारापाशी गेलो.

"ताई, दार उघडू नका," मी म्हटलं. "तुम्ही शिवत राहा. मी चौकशी शाखेतला म्हातारा आहे, मला फक्त एक शंका विचारायची आहे. तुमच्या घरात बुटाच्या लेसवरून काय प्रकरण आहे?"

यंत्राची गती जराशी उतरली.

"कारण तुमची मुलगी गाडीत ड्रायव्हरला म्हणाली की आईला सांगा, लेस सुटली नव्हती, भिंत ओली होती. मी चौकशी केली. भिंत कोरडी आहे. आणि मोडक्या पायावरच्या बुटाची लेस तिने त्या बिचाऱ्याला दुहेरी गाठ मारून बांधायला लावली, तुम्हाला कळू नये म्हणून. आता माझी एवढीच विनंती आहे, मी हे तुम्हाला सांगितलं असं तिला सांगू नका."

यंत्र थांबलं.

समोरची शेजारीण दार पूर्ण उघडून बाहेर आली होती. मग आतून आवाज आला. कोरडा, घसा बसल्यासारखा.

"सुटलीच असणार."

मी दाराला कान लावला.

"रोज सांगते. दारातून बाहेर पडताना रोज सांगते, दुहेरी मार, दुहेरी मार. तर आई, उशीर होतोय." आवाज दाराच्या जवळ आला होता. "कुठली सुटली? उजवी का डावी?"

मला ठाऊक नव्हतं. तपासात एवढी मोठी चूक. मी फोन कानाला लावला. "अरे, उजवी का डावी?"

"उजवी," ड्रायव्हर म्हणाला.

"उजवी," मी दाराला सांगितलं.

"उजवीच," ती आतून म्हणाली. "लहान होती तेव्हापासून उजवीच सैल बांधते." आणि कडी वाजली.

दारात उभी असलेली बाई सडपातळ होती, गळ्यात कात्री लटकवलेली, खांद्यावर खाकी दोऱ्याचे तुकडे. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या मागे बघत होती, दुसरं कुणी आहे का ते. मग तिने दाराची चौकट धरली आणि तिथेच खाली बसली, आणि मला सावरायला काही करावंच लागलं नाही, कारण शेजारणीने तिला कधीच मिठीत घेतलं होतं. दोघीही रडत होत्या. मीही रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मग ती उठली आणि घरात धावपळ सुरू झाली. पिशवीत टॉवेल गेला, कंगवा गेला, मुलीची उशी गेली. कपाटातून तिने एक स्वेटर काढला, हातात धरून उभी राहिली, परत ठेवला. मग पुन्हा काढला आणि पिशवीत कोंबला.

गाडीत मी पुढे बसलो आणि त्या दोघी मागे. व्हॅनच्या ड्रायव्हरचा जबाब मी आईला सगळा सांगून टाकला, फोनवर न सांगता येणाऱ्या शिव्यांसकट. सचिवबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. अर्धा रस्ता सरल्यावर ती आई बोलली, राग नसलेल्या आवाजात, जसं एखाद्याला रस्ता विचारावा तसं.

"त्या दिवशी याच गाडीत मी तुम्हाला विचारलं होतं, त्यांनी सकाळपासून काही खाल्लं असेल का. आठवतं?"

"हो," बाई म्हणाल्या.

"तुम्ही म्हणालात, पोचल्यावर बघू."

"हो."

"गाडीत सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला, तुमच्याबरोबरच्या साहेबांना, ड्रायव्हरलाही. मी मांडीवर स्वेटर घेऊन बसले होते आणि तुम्ही सगळे त्या स्वेटरकडे बघत होता. माझा माणूस गेला होता, आणि ते सगळ्यांत शेवटी मला कळलं."

"मला वाटलं, तेवढा रस्ता तरी तुम्हाला..." बाईंचं वाक्य तिथेच राहिलं.

"तेवढा रस्ता मी खुळ्यासारखी बसले होते," ती म्हणाली.

सचिवबाईंनी त्या पिशवीची एक बाजू धरली, वळणावर ती पडत होती म्हणून. मला काही विचारावंसं वाटलं नाही, आणि असं माझ्या बाबतीत क्वचितच होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मुलीला खोलीत आणलं होतं. पाय पांढऱ्या पट्ट्यांत, उंच टांगलेला. ती अजून झोपेतच होती. आई खुर्ची ओढून तिच्या डोक्याशी बसली आणि तिचा हात हातात घेतला. आम्ही दोघं दारापाशी उभे राहिलो. निघून जायला हवं होतं, पण मला शेवट बघायचा होता, आणि बाई का थांबल्या ते मी विचारलं नाही.

मुलीने डोळे उघडले. आई दिसल्यावर तिचा चेहरा उजळला आणि लगेच तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे खोटं बोलली.

"आई, लेस सुटली नव्हती."

"असू दे गं," आई म्हणाली. "शांत पड तू." आणि तिने तिच्या केसांवरून हात फिरवला.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "भिंत ओली होती."

"हो, असेल. होतं असं कधी कधी. राहू दे, राणी."

त्या 'राणी'ने घात केला. मुलीच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तिने आईकडे पाहिलं, मग मान वळवून दाराकडे पाहिलं. तिथे साध्या कपड्यांतले, बुटांना पॉलिश केलेले आम्ही दोघं उभे होतो. ती पोलिसाची मुलगी होती, त्याच वसाहतीत वाढलेली.

"हे कशाला आलेत?" ती उठायला धडपडली. "आई, काय झालंय? पाय आहे ना? खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?"

सचिवबाई एक पाऊल पुढे आल्या. मला धस्स झालं, कारण त्यांचं तोंड तो मऊ आवाज काढायच्या बेतात होतं. मग त्यांनी घसा खाकरला आणि माडीवरून सायकलवाल्याला हाक मारायच्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलल्या.

"पाय दोन ठिकाणी मोडलाय. आत सळई घातलीय. काही महिने कुबड्या वापराव्या लागतील, त्या मंडळ देईल, एकीचं रबर कुत्र्याने खाल्लंय. नंतर पाय थोडा आखूड राहील का हे डॉक्टरांना आज सांगता येत नाही, आणि मलाही माहीत नाही. याउपर काहीही नाही. मी काही लपवलेलं नाही."

मुलीने ते ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसला नव्हता. तिने पुन्हा आईकडे पाहिलं. तिला बाईंचं प्रमाणपत्र नको होतं.

आईच्या ते लक्षात आलं. तिने मुलीचा हात सोडला आणि पदरची सगळी माया बाजूला ठेवून कमरेवर हात ठेवले.

"भिंत ओली होती? मला शिकवतेस? दुहेरी गाठ मारायला बोटं झिजतात का तुझी? रोज सांगते, रोज, आणि एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देतेस. त्या ड्रायव्हरला बिचाऱ्याला कामाला लावलंस, लाज नाही वाटली? आणि त्या चोराला कसल्या शिव्या दिल्यास, तो माणूस फोनवर सांगू शकत नाही म्हणे. हेच शिकवलं तुला मी?"

मुलीचं डोकं उशीवर परत टेकलं. चेहऱ्यावर रंग आला. "हां," ती पुटपुटली, "म्हणजे बरी आहे मी." आणि तिने डोळे मिटून घेतले.

आई बोलतच होती. बोलता बोलता तिने पिशवीतून स्वेटर काढला, मुलीच्या अंगावर पसरला, कडा नीट खोचल्या, आणि तोंडाचा पट्टा क्षणभरही थांबला नाही. लेसवरून ती बुटांवर गेली, बुटांवरून न खाता ड्युटीवर जाण्यावर. आवाज कॉरिडॉरभर जात होता. शेवटी एक नर्स लगबगीने आली, पेशंटला विश्रांतीची गरज आहे, जरा हळू बोला, असं सांगायला.

सचिवबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बोलू द्या त्यांना," त्या म्हणाल्या.